चिऱ्याची भिंत, माडाची सावली आणि माणसाचा चेहरा: डिजिटल रेंजफाइंडरवर त्वचेचा रंग कसा सांभाळायचा

नारळी पौर्णिमेनंतरची गोष्ट. मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढून झाली होती, वाटे पडले होते आणि एक काकी निळ्या ताडपत्रीखाली बसून बांगडे वेगळे करत होत्या. मी त्यांचे चार फोटो काढले. पुढच्या आठवड्यात प्रिंट नेऊन दिली, तर त्यांनी ती हातभर लांब धरली आणि म्हणाल्या, "माझा तोंड असा जांभळा कित्याक केलंस रे?"

खरंच जांभळा होता. घरच्या स्क्रीनवर मला तो 'मूड' वाटला होता.

तेव्हापासून मी कॅमेऱ्याला दोष द्यायच्या आधी चेहऱ्याच्या आजूबाजूला काय आहे ते बघतो. डिजिटल रेंजफाइंडरच्या रंगांबद्दल बोलणं निघालं की चर्चा सेन्सरवरच अडकते: सीसीडी चांगला की सीमॉस (हे सेन्सरचे दोन प्रकार), लायकाचा जुना एम९ की नवा एम११. सेन्सरचा वाटा आहेच, तो पुढे सांगतो. पण आपल्या किनारपट्टीवर त्वचेचा रंग बिघडवणाऱ्या गोष्टींत तो माझ्या मते तिसऱ्या-चौथ्या नंबरवर येतो. म्हणून आधी उजेड, मग कॅमेरा असा क्रम ठेवलाय.

पहिली पायरी: डोळ्यांनी रंग वाचायला शिका

रेंजफाइंडरची खासियत हीच त्याची अडचण आहे. एसएलआरमध्ये आपण लेन्समधून बघतो, मिररलेसमध्ये सेन्सरला काय दिसतंय ते छोट्या स्क्रीनवर बघतो. रेंजफाइंडरमध्ये लेन्सच्या शेजारी एक वेगळी काचेची खिडकी असते, मधल्या चौकोनात दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस करायचा. त्या खिडकीतून जग लख्ख दिसतं, पण व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा करतो तो हिशोब) चुकलाय, चेहऱ्यावर हिरवी झाक येतेय, यातलं काहीही तिथे कळत नाही. शिवाय आपला मेंदू रंग आपोआप सुधारून घेतो. ताडपत्रीखाली पाच मिनिटं बसलात की निळं निळं वाटेनासं होतं.

उपाय साधा आहे. चेहरा ज्या जागी असणार तिथे एक पांढरा कागद किंवा ग्रे कार्ड (ठरावीक करड्या रंगाचं कार्ड) धरा आणि ते बाहेरच्या उजेडातल्या दुसऱ्या पांढऱ्या कागदाशी ताडून बघा. झाक लगेच दिसते. कागद नसेल तर स्वतःच्या पांढऱ्या शर्टाची बाही चालते. महिनाभर हे केलं की कागदाशिवायही अंदाज येतो.

कोकणात या झाका कुठून येतात ते एकदा मनात बसवून घ्या.

चिऱ्याची भिंत. जांभा दगड लोहाच्या ऑक्साइडमुळे लाल असतो. त्यावर ऊन पडलं की ती भिंत म्हणजे लाल-केशरी रिफ्लेक्टरच. माणूस भिंतीपासून दोन-तीन फुटांवर उभा असेल तर भिंतीकडच्या गालावर तो रंग चढतो आणि दुसरा गाल आकाशामुळे निळसर राहतो. एकाच चेहऱ्यावर दोन व्हाइट बॅलन्स! कॅमेऱ्यातला कोणताही आकडा हे दोन्ही गाल एकदम सुधारू शकत नाही. माणसाला भिंतीपासून सहा-सात फूट पुढे आणा, म्हणजे निम्मं काम तिथेच होतं. लाल मातीच्या अंगणाचंही तसंच, फक्त तिथे रंग खालून येतो, हनुवटीखाली. शेणाने सारवलेलं खळं त्या मानाने गुणी, त्याचा रंग फिका आणि मवाळ असतो.

वाडी. माडा-पोफळींच्या सावलीत उजेड पानांतून गाळून येतो. पानं लाल आणि निळा भाग शोषतात, हिरवा पुढे सोडतात. सावळ्या त्वचेवर हिरवी झाक आली की माणूस थेट आजारी दिसतो. मुंबईकर पाहुण्यांना वाडीतच फोटो हवे असतात. त्यांना वाडीच्या कडेला उभं करा, जिथे एका बाजूने आकाश मोकळं दिसतं. माड मागे येतात आणि तोंडावर आकाशाचा उजेड पडतो.

निळी ताडपत्री. पावसाळ्यात पडवीपुढे, बाजारात, होड्यांवर ती सगळीकडे असते. तिच्यातून येणाऱ्या उजेडात लाल भाग फार कमी उरतो, आणि जो रंग आलाच नाही तो नंतर वाढवता येत नाही. वाढवायला गेलं की फक्त खरखरीत कण आणि डाग हाती लागतात. काकींच्या फोटोचं तेच झालं होतं. तिथे माणसाला कडेला सरकायला सांगणं किंवा फोटो ब्लॅक अँड व्हाइट करणं, एवढे दोनच प्रामाणिक मार्ग आहेत.

आणि समुद्र. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, हे साधं वाटतं पण सगळं वेळापत्रक त्यावर ठरतं. सकाळी सूर्य माडांच्या मागून येतो, त्यामुळे बराच वेळ पुळणीवर (किनाऱ्यावरच्या वाळूत) सावली असते आणि समुद्राकडे बघणाऱ्या माणसाच्या तोंडावर मोकळ्या आकाशाचा मऊ, जरा निळसर उजेड असतो. त्वचेसाठी दिवसातली ही सर्वांत चांगली वेळ. संध्याकाळचं ऊन थेट समुद्रावरून येतं, सुंदर दिसतं, पण त्यात लाल इतका असतो की सेन्सरची लाल वाहिनी (लाल उजेडाची वेगळी नोंद) आधी भरून जाते. त्याबद्दल पुढे.

दुसरी पायरी: हातातला कॅमेरा ओळखा

सेन्सर स्वतः रंगांधळा असतो. सिलिकॉन फक्त प्रकाश मोजतं. त्यावर लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरची जाळी बसवलेली असते. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी १९७६ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना, तिच्यात दोन हिरव्यांमागे एक लाल आणि एक निळा. रंग ठरतो तो या फिल्टरच्या रसायनांवर, त्याच्यावरच्या काचेवर आणि शेवटी सॉफ्टवेअर ते आकडे कसे वाचतं त्यावर. त्यामुळे 'सीसीडीचा जादुई रंग' हे वाक्य मी आता जरा हसूनच ऐकतो. माझ्याकडे एक सीसीडीची आणि एक सीमॉसची बॉडी आहे. दोन्हींसाठी स्वतः प्रोफाइल (सेन्सरचे आकडे कोणत्या रंगात बदलायचे ते सॉफ्टवेअरला सांगणारी फाइल) बनवलं, एकाच पडवीत एकाच माणसाचे फोटो काढले आणि घरच्यांपुढे ठेवले. कुणालाही ओळखता आलं नाही, मलाही दोनदा चुकलं. कंपनीने दिलेलं मूळ प्रोफाइल ठेवलं तर मात्र फरक स्पष्ट दिसतो. म्हणजे लोक ज्याच्या प्रेमात पडतात ते बरंचसं प्रोफाइलच असतं.

तरी प्रत्येक मॉडेलचा एक स्वभाव आहे.

पहिला डिजिटल रेंजफाइंडर एप्सनचा आर-डी१, २००४ सालचा, ६ मेगापिक्सेलचा. आता तो संग्रहातच शोभतो.

लायकाचा एम८ २००६ मध्ये आला आणि त्याच्याबरोबर अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणाऱ्या) किरणांचा घोळ आला. लायकाच्या एम माउंटमध्ये लेन्सची बैठक सेन्सरपासून फक्त २७.८ मिलिमीटरवर असते. त्यामुळे कोपऱ्यांत किरण फार तिरपे येतात, आणि सेन्सरवर अवरक्त अडवणारी जाड काच ठेवली तर कोपरे पुसट होतात. म्हणून एम८ वर काच फक्त अर्धा मिलिमीटर जाडीची ठेवली, आणि तेवढ्या पातळ काचेतून अवरक्त किरण आत शिरले. परिणाम असा की काळं सिंथेटिक कापड जांभळं येतं, झाडं पिवळट येतात आणि त्वचा नको तिथे तांबूस होते, कारण माणसाची त्वचा, मग ती कितीही सावळी असो, अवरक्त किरण भरपूर परत फेकते. लायकाने तेव्हा ग्राहकांना लेन्सवर लावायचे यूव्ही-आयआर फिल्टर दोन-दोन मोफत दिले होते. एम८ सेकंडहँड घेत असाल तर त्या फिल्टरची किंमत धरूनच हिशोब करा. त्याशिवाय लग्नात काळे कोट आणि काळ्या छत्र्या वांगी रंगाच्या येतील.

२००९ चा एम९ हा पहिला फुल फ्रेम (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरचा) डिजिटल रेंजफाइंडर, १८ मेगापिक्सेलचा, कोडॅकच्या सीसीडीचा. काच ०.८ मिलिमीटरची झाली, अवरक्ताचा त्रास बराच कमी झाला. याच्या मूळ रंगात त्वचा किंचित तांबूस आणि घट्ट येते, आणि कमी आयएसओवर ती फार देखणी दिसते. पण सेन्सरवरची काच गंजण्याचा दोष या पिढीत आहे. लायकाने २०१४ मध्ये तो मान्य करून सेन्सर बदलून देण्याची सोय केली होती. आपल्या दमट हवेत असा कॅमेरा घ्यायच्या आधी एफ/१६ ला कोऱ्या आकाशाचा फोटो काढा, शंभर टक्क्यांवर मोठा करा आणि कडा असलेले बारीक ठिपके शोधा. धूळ पुसली जाते, हे ठिपके जात नाहीत.

त्यानंतरचा एम टाइप २४०, २४ मेगापिक्सेलचा सीमॉस. सुरुवातीला याच्यावर त्वचा केशरी-लाल येते अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली आणि ती खोटी नव्हती. फर्मवेअर अद्ययावत केलं की व्हाइट बॅलन्स बराच सुधारतो, उरलेलं प्रोफाइलने निघतं. २०१७ चा एम१० आणि २०२२ चा ६० मेगापिक्सेलचा एम११ यांचा रंग पुष्कळ तटस्थ आहे. फुजीची एक्स-प्रो मालिका दिसायला रेंजफाइंडरसारखी, पण फोकसची यंत्रणा तशी नाही. तरी खाली जे लिहिलंय त्यातलं नव्वद टक्के तिलाही लागू पडेल.

अजून एक. यातल्या बहुतेक कॅमेऱ्यांवर मुद्दाम धूसर करणारा अँटि-अलायझिंग फिल्टर नाही. त्वचेला त्याचा त्रास नाही, पण मागे मासेमारीचं जाळं किंवा बारीक चौकटीचा पंचा आला की त्यावर इंद्रधनुष्यी पट्टे उमटतात. जरा पुढे-मागे सरका, पट्टे जातात.

तिसरी पायरी: कॅमेऱ्यातल्या सेटिंगा

फाइल डीएनजी (सेन्सरची कच्ची नोंद जशीच्या तशी ठेवणारी) ठेवा. जेपीईजीमध्ये त्वचेचा रंग कॅमेरा एकदाच ठरवून मोकळा होतो. एम९ मध्ये डीएनजीचे दोन पर्याय आहेत, त्यातला न दाबलेला घ्या, कार्डं काही आता महाग राहिली नाहीत.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. डीएनजीमध्ये तो नंतर बदलता येतो हे खरं, पण ऑटोवर प्रत्येक फ्रेमचा आकडा वेगळा असतो आणि तीनशे फोटो एकेक करून जुळवण्यात रात्र जाते. हे मी एका हळदीत शिकलो. मांडवाचं कापड गुलाबी आणि पिवळं, नवरीच्या तोंडावर हळद, मागे चिऱ्याची भिंत, आणि मी ऑटोवर. एका फोटोत नवरी कावीळ झाल्यासारखी, पुढच्यात गुलाबी, त्याच्या पुढच्यात पुन्हा पिवळी. आता मी बाहेर साधारण ५५०० केल्विनवर (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप), मोकळ्या सावलीत ७००० च्या आसपास आणि पिवळ्या बल्बखाली २८०० वर कायम ठेवतो. चुकलं तर सगळे फोटो सारखेच चुकतात, आणि सारखं चुकलेलं एका झटक्यात सुधारता येतं.

जागा बदलली की ग्रे कार्डाचा एक फोटो. चेहऱ्याच्या जागी, चेहऱ्याच्याच कलात. हा एक फोटो काढायचा कंटाळा नंतर दोन तासांना पडतो.

आयएसओ सीसीडीच्या बॉडीवर शक्य तो १६० ते ६४० मध्येच. वर गेलं की सावल्यांत रंगाचे डाग येतात, आणि सावळ्या चेहऱ्याचा अर्धा भाग सावलीतच असतो.

चौथी पायरी: एक्स्पोजर, म्हणजे खरी मेख

या कॅमेऱ्यांचं उजेड मोजणारं पारंपरिक मीटर मध्यभागाला जास्त महत्त्व देतं, आणि ते फसतं. पांढरी साडी, चकाकणारी पुळण किंवा पांढरं आकाश मध्ये आलं की चेहरा काळवंडतो. मग लोक कॉम्प्युटरवर तो उजळतात आणि उजळताना रंग मातकट होतो. त्वचेच्या रंगाची निम्मी दुखणी मुळात एक्स्पोजरची असतात.

माझी सवय अशी आहे. चेहऱ्यावर पडणाऱ्या उजेडात आपला तळहात धरायचा, फ्रेम त्याने भरायची आणि मीटर घ्यायचं. माणूस गोरा असो वा सावळा, तळहातांत फरक फार कमी असतो, आणि तळहात मधल्या करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप (म्हणजे दुपटीने) उजळ असतो. म्हणून मीटर सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप जास्त उजेड द्यायचा: मीटर १/५०० म्हणालं तर १/२५०. तुमचा हात थोडा वेगळा असेल, तेव्हा एकदा ग्रे कार्डाशी ताडून आपला फरक लक्षात ठेवा. तो आयुष्यभर पुरतो (हात उन्हात भाजला नाही तर).

यात चेहरा मुद्दाम उजळ करायची सवय घुसू देऊ नका. आपल्याकडे स्टुडिओंनी वर्षानुवर्षं सगळ्यांना गोरं करून ठेवलंय, आणि ही खोड फक्त आपलीच नाही. कोडॅकने प्रयोगशाळांना रंग जुळवायला जी 'शर्ली कार्डं' दिली, त्यावर बराच काळ गोरी बाईच असायची. त्यामुळे सावळे चेहरे बिघडले तरी यंत्राच्या हिशोबाने सगळं बरोबरच होतं. रोज होडीवर जाणाऱ्या माणसाचा चेहरा गडद आहे, तो गडदच यायला हवा. फक्त त्यातला तपशील मरता कामा नये.

आता संध्याकाळचं ऊन. त्वचेत नेहमीच लाल सगळ्यात जास्त, मग हिरवा, मग निळा. त्यात वर लाल ऊन पडलं की लाल वाहिनी भरून वाहते आणि थांबते, पण हिरवी अजून चढत असते. दोघांमधलं अंतर कमी झालं की कपाळ आणि गालाचा उंचवटा पिवळट, मेणासारखा दिसायला लागतो. एकदा असं झालं की ते परत येत नाही. तेव्हा सूर्य हातभर खाली आला की एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश स्टॉप कमी द्या आणि तिन्ही वाहिन्यांचा हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटणीचा आलेख) बघा, एकत्र पांढरा नको. सीसीडीवर हे जास्त कडक पाळा, त्याचे उजळ भाग एकदम तुटतात.

घामाची चमक हा वेगळा प्रश्न. मे महिन्यात प्रत्येक कपाळ चमकणार. पोलरायझर लावला तर चमक जाते, पण चेहरा मातीच्या मुखवट्यासारखा निर्जीव दिसतो. शिवाय रेंजफाइंडरमधून त्याचा परिणाम दिसतही नाही. त्यापेक्षा रुमाल द्या. मासळी बाजारात मात्र थोडी चमक हवीच, सुरमईच्या अंगावरही आणि माणसाच्याही.

पाचवी पायरी: कोकणच्या उजेडात स्वतःचं प्रोफाइल

यासाठी २४ रंगांचा चार्ट लागतो, कलरचेकर म्हणतात तो. ही मांडणीही १९७६ चीच. त्यातले पहिले दोन चौकोन गडद त्वचा आणि उजळ त्वचा यांच्यासाठी आहेत, आणि आपले बहुतेक चेहरे या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतात.

सकाळी नऊच्या सुमारास, आकाश निरभ्र असताना मोकळ्या जागी जा: पुळण, कातळ, गच्ची, काहीही. भिंत, झाड, ताडपत्री जवळ नको. स्वतः करड्या किंवा पांढऱ्या कपड्यांत जा, लाल टी-शर्टने मी एकदा अख्खं प्रोफाइल हिरवट करून ठेवलं होतं. चार्टवर उजेड सगळीकडे सारखा पडू द्या, लेन्स ५० मिलिमीटरची घ्या, चार्ट फ्रेमच्या मध्यात अर्ध्या भागात राहू द्या. पांढरा चौकोन पूर्ण भरून जाता कामा नये, २५५ पैकी २३० ते २४० च्या दरम्यान आला की ठीक.

रात्री घरात ट्यूब, एलईडी सगळं बंद करून एका जुन्या पिवळ्या बल्बखाली दुसरा फोटो काढा. दोन उजेडांची प्रोफाइल एकत्र केली की सॉफ्टवेअर मधल्या तापमानांसाठी दोघांचं मिश्रण वापरतं, म्हणून दोन्ही घ्यायचे.

डिजिटल एम बॉडी थेट डीएनजी देतात, एप्सनची फाइल आधी डीएनजीत बदलावी लागते. चार्ट बनवणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर किंवा अडोबीचा मोफत डीएनजी प्रोफाइल एडिटर, कोणताही चालेल. फोटो आत टाका, चार कोपरे जुळवा, प्रोफाइल सेव्ह करा, लाइटरूम (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) बंद करून उघडा. एम८ वाल्यांनी फिल्टर लावूनच चार्टचा फोटो काढायचा, आणि पुढेही फिल्टर काढायचा नाही. आत शिरलेले अवरक्त किरण प्रोफाइलने बाहेर काढता येत नाहीत.

आणि मग खरी परीक्षा माणसांवर. चार्टचा तपकिरी चौकोन हा छापील रंग आहे. त्वचेत मेलॅनिन असतं, त्याखाली रक्त असतं, उजेड थोडा आत जाऊन परत येतो. दोन गोष्टी डोळ्यांना सारख्या दिसल्या तरी सेन्सरला त्या वेगळ्या दिसू शकतात. म्हणून घरातल्या तीन-चार वेगवेगळ्या वर्णांच्या माणसांना चार्ट हातात देऊन उभं करा आणि फोटो समोर ठेवून त्यांच्याकडे बघा. माझ्याकडे आजी, भाचा आणि शेजारचे एक काका असे ठरलेले बळी आहेत. भाच्याचे कान प्रत्येक वेळी जास्त लाल येतात, तेव्हा प्रोफाइलमध्ये लालची घनता (सॅच्युरेशन) जराशी कमी करून ठेवली आहे.

लेन्सबद्दल थोडक्यात

लेन्सच्या बैठकीवर सहा काळे-पांढरे ठिपके असतात, त्यावरून कॅमेरा लेन्स ओळखतो आणि कोपऱ्यांतली रंगाची झाक काढतो. जुन्या किंवा इतर कंपन्यांच्या लेन्सना ते नसतात, तेव्हा मेनूतून जवळची लेन्स हाताने निवडा. हे विसरलं तर २८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद लेन्सवर कडेच्या माणसाचा चेहरा मधल्या माणसापेक्षा वेगळ्या रंगाचा येतो, आणि ग्रुप फोटोत कडेला बहुतेक यजमानच उभे असतात. एम९ वर यूव्ही-आयआर फिल्टर रुंद लेन्सला लावू नका, कोपरे निळसर-हिरवट होतात.

लेन्समध्ये बुरशी आली की रंगांआधी कॉन्ट्रास्ट जातो आणि त्वचा पिठूळ दिसते. झाकणाचा हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा, एवढ्यात काम होतं. काटा ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. तांदळात लेन्स ठेवण्याचा घरगुती सल्ला ऐकू नका, पीठ जातं आत.

सहावी पायरी: कॉम्प्युटरवर

आधी स्क्रीन कॅलिब्रेट करा, म्हणजे तिचे रंग खरे दिसतील असे जुळवून घ्या. नसेल जमत तर निदान ब्राइटनेस खाली आणा आणि रात्रीचा पिवळा मोड बंद करा.

मग क्रमाने: स्वतःचं प्रोफाइल, ग्रे कार्डावरून व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर. एवढं झाल्यावरच चेहऱ्याकडे बघा, आणि बघताना आकडेही बघा. चार्टचा गडद त्वचेचा चौकोन एसआरजीबी या स्क्रीनच्या नेहमीच्या रंगपद्धतीत (क्रमाने लाल, हिरवा, निळा) ११५, ८२, ६८ आहे आणि उजळ त्वचेचा १९४, १५०, १३०. दोन्हींत लाल आणि हिरव्यातलं अंतर हिरव्या आणि निळ्यातल्या अंतराच्या दुपटीहून जास्त आहे. प्रत्येक चेहरा याच प्रमाणात बसेल असं नाही, आपल्याकडे पिवळी झाक असलेले वर्ण पुष्कळ आहेत, पण दिशा कळते. हिरवा आणि निळा जवळपास सारखे झाले तर चेहरा गुलाबी पडलाय. निळा फारच खाली गेला तर कावीळ. हिरवा लालच्या जवळ सरकला तर वाडीची सावली बाधलीय. आकडे गालाच्या मधून घ्या, ओठ, डोळ्यांखाली किंवा चमकणाऱ्या कपाळावरून नको.

त्वचा लाल वाटत असेल तर पूर्ण फोटोची घनता कमी करू नका, कौलं आणि साड्याही फिक्या पडतील. लालची ह्यू (रंगछटा) केशरीकडे थोडी ढकला, केशरीची पिवळ्याकडे अगदी किंचित. स्लायडरवर पाच ते आठच्या पुढे जावं लागत असेल तर चूक मागच्या पायरीत आहे, तिकडे परत जा.

चिऱ्याकडचा गाल ब्रशने वेगळा निवडा, तापमान थोडं थंड करा, घनता दहाने कमी. हनुवटीखालच्या हिरव्यासाठी टिंट (हिरवा-मॅजेंटा स्लायडर) मॅजेंटाकडे दहा-पंधरा. दोन्ही पूर्ण घालवू नका. माणूस चिऱ्याच्या घरासमोर उभा होता हे चेहऱ्यावरून थोडं कळायलाच हवं, नाहीतर तो कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

काही खास प्रसंग

गणपतीत माटवीखाली (गणपतीवर फळं-पानं बांधून केलेली सजावट) समईचा उजेड असतो, जवळपास १९०० केल्विनचा. त्यात निळा नसल्यातच जमा. तो पूर्ण पांढरा करायला जाऊ नका, २५०० च्या आसपास ठेवा, म्हणजे ऊबही राहते आणि चेहरेही ओळखू येतात. अडचण होते ती मागे लुकलुकणाऱ्या निळ्या-हिरव्या माळांची. यजमानांना विचारून आरतीपुरत्या बंद करून घ्या, लोक आनंदाने करतात.

स्वस्त एलईडीखाली त्वचा मेलेली दिसते, कारण त्यात गडद लाल कमी असतो. खोक्यावरचा सीआरआयचा (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा) आकडा यात फसवतो, तो पहिल्या आठ नमुन्यांवरून काढतात आणि गडद लाल हा नववा. संध्याकाळचा मासळीचा लिलाव असे दिवे लागण्याआधी, आकाश निळं असतानाच टिपा.

दशावतारात रंगवलेल्या चेहऱ्याला त्वचेचे हिशोब लावू नका. तिथे मी व्हाइट बॅलन्स मेकअपवर नाही, तर पेटी वाजवणाऱ्या बुवांच्या हातावरून ठरवतो.

पावसाळ्याबद्दल लोकांचा उगाच गैरसमज आहे. जूनच्या ढगाळ दुपारी पडवीच्या कडेला बसवलेल्या माणसासारखा मऊ उजेड वर्षात दुसरा मिळत नाही. ताडपत्री तेवढी गुंडाळून घ्या. आणि एसी गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढू नका, पिशवीतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्या, नाहीतर लेन्सवर बाष्प धरतं आणि सगळ्यांचे चेहरे धुक्यात.

प्रिंट

प्रिंट जिथे लागणार त्या उजेडात बघा. काकींना मी नंतर नवा फोटो काढून दिला, ताडपत्रीच्या बाहेर, सकाळी आठ वाजता, तोंड समुद्राकडे. लॅबमध्ये तो अगदी बरोबर दिसत होता. त्यांनी तो स्वयंपाकघरात, पिवळ्या बल्बखाली, काजळी धरलेल्या भिंतीवर लावला आणि तिथे तो काळपट दिसायला लागला. मग तीच फाइल एक-तृतीयांश स्टॉप उजळ आणि किंचित थंड करून पुन्हा छापली. पहिली प्रिंट आता त्यांच्या मुलाकडे आहे, त्याच्या खोलीत ट्यूब आहे.